कावळा शिवतो, आपण शिवत नाही

भाद्रपदातली पौर्णिमा उलटली की आमच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज न चुकता येतो. तुमच्याकडेही येत असेल. आपले ऋषी खुळे नव्हते, अशी सुरुवात. मग विज्ञान. वडा-पिंपळाचं बी म्हणे फक्त कावळ्याच्या पोटातून गेलं तरच रुजतं. कावळ्याची मादी म्हणे भाद्रपदात अंडी घालते, पिल्लांना पौष्टिक खाऊ मिळावा म्हणून श्राद्धाची खीर आणि वडे. म्हणजे कावळा जगला तर वड-पिंपळ जगणार, वड-पिंपळ जगले तर ऑक्सिजन मिळणार. शेवटी हात जोडलेली चित्रं आणि 'पुढे पाठवा'.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पक्षीतज्ज्ञ नाही. पण माझं गाव शिवथरच्या खोऱ्यात आहे. वरंधा घाटाचा रस्ता ज्या किल्ल्याला चिरून जातो त्याचं नावच कावळ्या. घाटाखाली शिवथरघळ, जिथे समर्थांनी दासबोध सांगितला असं मानतात आणि जिथे पावसाळ्यातल्या प्रत्येक रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. या खोऱ्यात मी लहानपणापासून कावळे पाहतोय. त्यामुळे हा मेसेज आला की मला गप्प बसवत नाही.

आधी त्यातलं विज्ञान निकालात काढू. त्यासाठी प्रयोगशाळा नको, कोकीळ पुरे. कोकिळा आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. म्हणजे कोकिळेचा विणीचा हंगाम तोच कावळ्याचा असणार, नाहीतर तिचा डाव जमायचाच नाही. आता सांगा, कोकीळ कधी ओरडतो? आंब्याच्या दिवसांत की पितृपक्षात? आपल्याकडे कावळा घरटं बांधतो ते साधारण एप्रिल ते जूनमध्ये, मृग लागायच्या आगेमागे. अंडी उबायला सतराएक दिवस, पिल्लं उडायला आणखी तीन-चार आठवडे. भाद्रपद येईतो ती पिल्लं स्वतः पोट भरत फिरत असतात. गंमत अशी की हे आपल्या जुन्या माणसांना पक्कं माहीत होतं. कावळ्याने घरटं झाडाच्या कुठल्या बाजूला बांधलं, किती उंचावर बांधलं, यावरून यंदा पाऊस कसा होणार याचे आडाखे खेडोपाडी बांधले जायचे. घरटं पावसाआधी दिसत होतं म्हणूनच ना? म्हणजे परंपरेचं नाव घेणारा हा मेसेज परंपरेलाच ओळखत नाही.

राहिलं वड-पिंपळाचं बी. पक्ष्याच्या पोटातून गेल्यावर ते रुजायला मदत होते, हे खरं. पण ती फळं बुलबुल खातो, मैना खाते, तांबट खातो, हरियल खातो, धनेश खातो, वटवाघळं खातात. इमारतीच्या पाइपाशेजारी उगवलेला पिंपळ कोणी लावला ते सांगता येत नाही, कारण संशयित डझनभर आहेत. कावळा त्यातला एक.

इथवर वाचून 'मग श्राद्धबिद्ध सगळीच अंधश्रद्धा, कावळा म्हणजे उकिरड्यावरचा पक्षी' असं म्हणत खूश होणारे मित्रही मला आहेत. माझं भांडण त्यांच्याशीही आहे. एका बाजूला कावळा म्हणजे पितर, दुसऱ्या बाजूला कावळा म्हणजे घाण. दोघांनीही मान वर करून कावळ्याकडे बघितलेलं नसतं. आणि दोघांमध्ये तडजोड म्हणून एक तिसरं गोड वाक्य तयार झालंय. शाळेच्या निबंधात, पर्यावरण दिनाच्या पोस्टमध्ये, सगळीकडे ते सापडतं : कावळा हा निसर्गाचा सफाई कामगार आहे.

हे वाक्य मला त्या मेसेजपेक्षा जास्त घातक वाटतं, कारण ते अर्धं खरं आहे.

शाळेत आपण अन्नसाखळी शिकलो. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. बाण एका दिशेने जातात. कावळ्याला यात बसवून दाखवा. तो शेतातले दाणे खातो, नाकतोडे खातो, बेडूक उचलतो, नांगरामागे चालत उंदराची पिल्लं आणि किडे टिपतो, लावणीच्या दिवसांत बांधावरचे खेकडे फोडतो. म्हशीच्या पाठीवरचे गोचीड काढतो, त्याच दिवशी आमच्या काकूच्या कोंबडीचं पिल्लूही पळवतो. उंबराची फळं खातो, दुसऱ्या पक्ष्यांची अंडी फोडतो, आणि घार मेली तर घारही खातो. तो साखळीतली एक कडी नाही. तो सगळ्या कड्यांवर जाऊन बसतो. त्यामुळे कावळा 'नष्ट झाला तर काय होईल' याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही. जंगलाच्या कडेला राहणारा डोमकावळा आणि फाट्यावरच्या वडापावच्या गाडीपाशी राहणारा गावकावळा यांचंही उत्तर एक नाही.

गावकावळा तर माणसाशिवाय राहतच नाही. आपल्या जहाजांतून आणि बंदरांतून तो पूर्व आफ्रिकेत पोचला आणि तिथे इतका माजला की तिथल्या स्थानिक पक्ष्यांची अंडी-पिल्लं खाऊन त्यांच्या मुळावर उठला. केनियाने २०२४ साली दहा लाख कावळे मारण्याची योजना जाहीर केली. तिथे कोणी त्याला सफाई कामगार म्हणत नाही. का? कचरा तर तो तिथेही खातो. तर कावळे वाढले म्हणजे निसर्ग बहरला असं होत नाही. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच, की आपण उघड्यावर टाकायचं प्रमाण वाढलंय. शिवथरघळीच्या वाटेवर रविवारी संध्याकाळी कावळ्यांची जी सभा भरते ती काही रामदासी सभा नव्हे. ती कागदी प्लेटा, भज्यांचा चुरा आणि मॅगीच्या उरलेल्या पाण्याभोवतीची सभा आहे. कावळा भजी खातो, प्लेट तिथेच राहते. याला सफाई म्हणत नाहीत.

माझ्या आजोबांच्या दहाव्याला पिंड मांडले, आम्ही मागे सरलो. कावळा येईना. समोरच्या झाडावर दोन डोमकावळे होते, बघत होते, खाली उतरत नव्हते. मग नेहमीचं सुरू झालं. आजोबांची काय इच्छा राहिली असेल? आत्याने सांगितलं, जमीन विकणार नाही. काकांनी सांगितलं, आजीला नीट सांभाळू. कोणी म्हणालं, गाईचं नाव घ्या. पाऊण तास गेला, शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला टेकवला. मला त्यात काही हास्यास्पद वाटलं नाही. कर्त्या माणसांनी चारचौघांत मोठ्याने वचनं दिली, हे आमच्या घरात दुसऱ्या कुठल्या निमित्ताने घडलं नसतं. पण त्या पाऊण तासात माझ्या डोक्यात एक शब्द अडकला तो अडकलाच. शिवणं.

कावळा पिंडाला शिवला की माणूस सुटला. कावळा शिवला म्हणून आजी महिन्यातले चार दिवस ओसरीवर बसायची. आणि ज्या माणसांनी मेलेलं ढोर ओढून नेलं, त्यांच्याशी तर गावाने पिढ्यान्‌पिढ्या शिवाशिव पाळली. तिन्ही ठिकाणी क्रियापद एकच. मराठीत 'शिवणं' हा साधा शब्द नाही. कोण कशाला शिवणार आणि कोणी शिवायचं नाही, हे ठरवण्यावर आपलं गाव उभं होतं.

म्हणून 'निसर्गाचा सफाई कामगार' हे वाक्य मला टोचतं. ज्या समाजात सफाई करणाऱ्याला बरोबर घेऊन जेवत नाहीत, त्या समाजाने पक्ष्याला सफाई कामगार म्हणणं हा गौरव नाही. मी माणसाची तुलना कावळ्याशी करत नाहीये. मी बघणाऱ्याच्या नजरेबद्दल बोलतोय. घाण दुसऱ्याने उचलावी, फुकट उचलावी, आणि उचलून झाल्यावर दूर राहावं, ही ती नजर. पक्ष्याकडे बघतानाही तीच, माणसाकडे बघतानाही तीच.

आमच्या तालुक्यात हे बोलणं टाळता येत नाही. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याचं पाणी सगळ्यांना आठवतं. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी लोकांना मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा असंही बजावलं होतं, ते फारसं आठवत नाही. तळ्याला माणसं शिवली म्हणून नंतर सवर्णांनी शेण आणि गोमूत्र टाकून तळं 'शुद्ध' केलं. म्हणजे जिवंत गाईचं शेण पाणी शुद्ध करतं, आणि मेलेली गाय उचलणारा माणूस पाणी बाटवतो. हे तर्कशास्त्र ज्यांना पटत होतं त्यांचीच आपण पणतवंडं आहोत.

अन्नसाखळीच्या आकृतीत हा माणूस कधी काढलेला नसतो. पण गावात गुरू मेलं की पुढचं सगळं त्याच्या हातात असे. तो ढोर गावाबाहेर ओढून नेई, कातडं सोलून काढी, आणि मग उघड्या मांसावर गिधाडं उतरत. म्हाताऱ्या माणसांना विचारा, ती सांगतात, बघता बघता सांगाडा उरायचा. नंतर कुत्री, कोल्हे, तरस, आणि सगळ्यांच्या पायांतून तुकडे पळवणारे कावळे. कावळ्याची चोच गुराचं कातडं फोडू शकत नाही. तो डोळे, जीभ, जखम अशा मऊ जागा टोचतो आणि दुसरं कोणीतरी मढं उघडेल याची वाट बघतो. मढं उघडणारे दोघे होते. एक माणूस, एक गिधाड.

माणसाने ते काम सोडलं, आणि योग्यच केलं. त्याला ते काम करायला लावणारेच पुढे त्या कामासाठी त्याला मारायला उठले. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उनाजवळ मेलेली गाय सोलणाऱ्या दलित तरुणांना बांधून फटकावलं गेलं. त्यानंतर सुरेंद्रनगरला लोकांनी मेलेली जनावरं थेट कलेक्टर कचेरीसमोर आणून टाकली. तुमची माता आहे, तुम्हीच उचला, असा त्याचा सरळ अर्थ. अन्नसाखळीवरचा यापेक्षा चांगला धडा मी कुठल्या पाठ्यपुस्तकात वाचलेला नाही.

दुसरं, गिधाड. ते आपण मारलं, आणि मारताना आपल्याला कळलंही नाही. गुरांच्या दुखण्यावर डायक्लोफेनॅक नावाचं स्वस्त औषध आलं. औषध टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, युरिक ॲसिडचे पांढरे थर आतड्या-काळजावर चढतात, पक्षी काही दिवसांत मान टाकतो. हे कारण २००४ साली शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं. तोवर उशीर झाला होता. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त घटली. त्यासाठी सगळ्या मढ्यांत विष असण्याची गरजही नव्हती. शंभरातल्या एकाहून कमी मढ्यांत ते असलं तरी एवढी पडझड होऊ शकते, असं गणित निघालं. कारण एका मढ्यावर गिधाडांचा अख्खा थवा जेवतो.

माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो. जावासारख्या भाषेत प्रोग्राम लिहिताना वापरून झालेली मेमरी आपण स्वतः साफ करत नाही. मागे गार्बेज कलेक्टर नावाची व्यवस्था चालू असते, ती करते. ती इतकी गुपचूप चालते की नवीन पोरं ती आहे हेच विसरतात. मग एक दिवस सर्व्हर गुदमरतो आणि सगळे आपलाच कोड तपासत बसतात. गिधाडांचं तेच झालं. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हिशेब मांडला : गिधाडं पूर्वी भरपूर असलेल्या जिल्ह्यांत ती गेल्यानंतर माणसांचा मृत्युदर चार टक्क्यांहून जास्त वाढला. २००० ते २००५ या काळात साधारण पाच लाख जास्तीचे मृत्यू. कुजणारी मढी, खराब झालेलं पाणी, आणि मढ्यांवर पोसलेली भटकी कुत्री. त्या वर्षांत कुठल्याही मृत्यूच्या दाखल्यावर 'गिधाड नसल्यामुळे' असं लिहिलेलं नाही.

आणि या सगळ्यात कावळा? कावळा तिथेच होता. गिधाडाच्या जागी त्याला बसवण्याचा प्रयत्न म्हणजे ट्रक बंद पडला म्हणून सायकलला जुंपण्यासारखं. मुंबईत मलबार हिलवरच्या दोखम्यांमध्ये पारशी समाजाला सौर आरसे लावावे लागले. आकाशात कावळे आणि घारी असूनही. त्या समाजाने निदान प्रश्न मान्य केला. आपण अजून 'निसर्ग आपलं बघून घेतो' म्हणतोय.

निसर्ग बघून घेत नाही. आमच्या खोऱ्यात आता गुरं कमी झालीत, पण मरायची थांबलेली नाहीत. मेलं की कोणी जेसीबी बोलावून पुरतो. ज्याला परवडत नाही तो रात्री ओढ्याच्या काठाला लोटून देतो. तो ओढा खाली कोणाच्या तरी विहिरीजवळून जातो. एका ग्रामपंचायतीत मी विचारलं, मेलेल्या जनावरासाठी ठरवलेली जागा कुठे आहे? उत्तर आलं, पूर्वी होती. त्या 'पूर्वी'मध्ये कोण काम करत होतं आणि कोणत्या मोबदल्यात, हे ना त्यांनी सांगितलं, ना त्यांना सांगायचं होतं.

होऊ शकतं का काही? होऊ शकतं, आणि ते आमच्याच जिल्ह्यात झालंय. म्हसळा तालुक्यातल्या चिरगावला पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची वसाहत उरली होती. महाडच्या सीस्केप संस्थेने, प्रेमसागर मेस्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तिथे वर्षानुवर्षं घरटी मोजली, गावकऱ्यांना बरोबर घेतलं, आणि पक्ष्यांना खाणं कमी पडतंय हे दिसल्यावर लांबून मेलेली जनावरं आणून तिथे टाकली. हे वाक्य पुन्हा वाचा. मेलेली जनावरं आणून टाकली. ज्या कामाला शिवायला कोणी तयार नव्हतं ते या लोकांनी हौसेने, नियमित, नाक न मुरडता केलं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-म्हसळ्याच्या पट्ट्यातली झाडं आडवी केली, तेव्हा अशा कामाची वर्षानुवर्षांची मेहनत एका दिवसात किती नाजूक असते तेही दिसलं.

मग मला नक्की काय हवंय? सांगतो.

एक. तालुक्यात मेलेल्या जनावरांसाठी कुंपण घातलेली, पाण्यापासून लांब अशी ठरलेली जागा हवी. उचलायला गाडी हवी. काम करणाऱ्याला हातमोजे, बूट आणि रीतसर पगार हवा, आणि ते काम कुठल्याही जातीच्या नावावर चढलेलं नको.

दोन. औषधं. गुरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचल्या जात होत्या, म्हणून २०१५ मध्ये ती इंजेक्शनं लहान, एका मात्रेच्या बाटलीतच विकायचा नियम आला. ॲसिक्लोफेनॅक गुराच्या शरीरात जाऊन डायक्लोफेनॅकच होतं, म्हणून ते आणि किटोप्रोफेन २०२३ मध्ये बंद झालं. प्रत्येक औषध बंद व्हायला वर्षं गेली, आणि गिधाडांना वर्षं परवडत नाहीत. तुमच्या घरी गाय-म्हैस असेल तर डॉक्टरांना मेलॉक्सिकॅम मागा. ते गिधाडांना चालतं. एवढा एक फोन गावी करणं हे हजार जणांना मेसेज पाठवण्यापेक्षा जास्त काम करेल.

तीन. कावळ्याकडे लक्ष द्या, पण पाहुणा म्हणून नाही, खबऱ्या म्हणून. २०२१ च्या जानेवारीत दापोलीकडे मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लू सापडला. २०२५ च्या जानेवारीत लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला कावळे पटापट मेले, तोही बर्ड फ्लूच. तो आपलं उष्टं खातो, म्हणून आपल्या ताटात काय आहे हे त्याला आधी कळतं. कावळे मरून पडलेले दिसले तर व्हिडिओ काढून अपशकुन म्हणून पाठवू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. आणि हात लावू नका. इथे न शिवण्याला कारण आहे.

चार. शिवथरला या. धबधबा बघा, घळीत बसा. येताना आणलेलं सगळं परत घेऊन जा. तुमची प्लेट उचलायला इथे कोणी पक्षी नेमलेला नाही.

कायद्याने एके काळी कावळ्याला उंदरांच्या रांगेत, उपद्रवी प्राण्यांच्या यादीत बसवलं होतं. वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच गेली. कागदावर त्याचा दर्जा सुधारला. आपल्या बोलण्यात मात्र तो अजून पंधरा दिवस पितर आणि उरलेलं वर्ष उपद्रवच आहे.

श्राद्ध करायचं असेल तर करा, खीर ठेवायची असेल तर ठेवा. मी त्यात पडत नाही. फक्त त्याला खोटं विज्ञान चिकटवू नका, आणि कावळ्याने घास उचलला म्हणजे आपली जबाबदारी संपली असं समजू नका. पिंडाला कावळा शिवेल, नाही शिवला तर दर्भाचा करता येतो. ओढ्याकाठी कुजत पडलेल्या ढोराला कोण शिवणार, याला दर्भाचं उत्तर नाही.